रेघ

ओसरीच्या भिंतीवर अजून आहे
मलेरियावाल्याने खडूने घातलेली तारीख, पुसट.
त्याच्या पिशवीतल्या कडू गोळीची चुलत बहीण
गेली सहा वर्षं माझ्या ताटाशेजारी असते.
मला मलेरिया नाही.
जे आहे त्याचं नाव सांगितलं की निवतीत विचारतात,
"लुपस? खयचो ताप तो?"

ताप नाही. माझंच रक्त मला ओळखेनासं झालंय.
रापणीतला एखादा गडी रात्री उठून
आपल्याच होडीला भोकं पाडायला लागावा, तसं.

आधी सांधे. मग गाल. मग ऊन वैरी झालं
(किनाऱ्यावरच्या बाईने उन्हाशी भांडून जायचं कुठे?)
आणि सगळ्यात शेवटी डोळे.
सकाळी पापण्यांखाली वाळू,
समुद्र चार पावलांवर, आणि रडायला दोन थेंब नाहीत.
कागदाची पट्टी पापणीत अडकवून मोजलं त्यांनी :
पाच मिनिटांत चार मिलिमीटर.

गोळी मूत्रपिंडं राखते.
पण साठते डोळ्याच्या पडद्यात.
म्हणून राखणदारावर राखण :
दर मे महिन्यात, जाळी वर चढायच्या आधी, कुडाळ.

"प्रमिला गिरप!" आफरीन हाक मारते,
थेंब घालते. काळोख्या वाटीत बारीक दिवे उगवतात,
दिसला की बटण दाबायचं.
लांबच्या होड्यांचे दिवे मोजण्यात माझा जन्म गेला,
तरी तीनदा दिवा नसतानाच दाबलं. भीतीने.
मग ओसीटी. "हनुवटी इथे. हिरव्या फुलीकडे बघा.
श्वास घ्या की, श्वासाला बंदी नाही."

पडद्यावर माझा डोळा उभा चिरलेला,
चिऱ्याच्या खाणीसारखा थरावर थर,
मधोमध एक खळगी,
ओल्या वाळूत टाच दाबून उचलावी तशी.
"हिच्यानेच तुम्ही आकडे वाचता," आफरीन म्हणते.

डॉक्टर मागच्या वर्षीचं चित्र शेजारी आणतात.
खळगीच्या दोन्ही अंगांना धावणारी एक पांढरी रेघ.
डाव्या डोळ्यात, खळगीच्या जरा अलीकडे,
ती विरलीय.
किंवा विरल्यासारखी दिसतेय.
ते चष्मा काढतात, पुसतात, परत बघतात.

बाबल तांडेल जाळं असंच बघतो, उन्हाकडे धरून.
"भोक पडला की माश्याक पयला कळता,
आपणाक मागसून."

मी विचारलं जे विचारायचं ते.
ते म्हणाले, "तुम्हाला कळण्याआधी यंत्राला कळतं,
एवढंच आपल्या हातात आहे."
वजन केलं. सत्तेचाळीस. साठ होतं तेव्हा ठरलेला डोस.
नवा हिशोब : रोज एक, फक्त रविवारी दोन.
आणि वर्षाने नाही, सहा महिन्यांनी या.

एसटीत बाहुल्या फुगलेल्या,
परुळ्याचा माळ चुन्यासारखा पांढरा.
काळा चष्मा, त्यावर ओढणी, त्यावर छत्री.
कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडीत पाऊस नाय."
हसले. हसताना डोळे चुरचुरले.

संध्याकाळी रापण ओढली.
वाट्यांची वही बारा वर्षं माझ्याकडे असते,
पण आकडे आज पाण्यात पडल्यासारखे हलत होते.
वही बाबलच्या निनादकडे दिली, नववीतला पोर.
मी सांगत गेले, तो लिहीत गेला :
जाळ्याचे चार, तांडेलाचे दोन,
हात ओढणाऱ्यांचे एकेक, यमुनेला अर्धा,
तिचा घोव गेला तरी तिचा दोर गेला नाही.
बेरजेआधीची रेघ मारायची तो विसरला.
मी कागदावर बोट ठेवलं. "हय."

"तुका दिसता, काकी?"

"दिसणा नाय.
ती खय असता ता माका ठावक हा."