काटे

दिघ्याच्या इलठणपाड्यात
पाण्याच्या टाकीपासून सार्वजनिक संडासापर्यंत
एक लांब भिंत आहे. एकशे अकरा पावलं.
मी मोजलीयत, कारण त्या वाटेवर
मोजत राहिलं की भीती कमी वाटते.

लतिकाताई आल्या तेव्हा त्यांच्याकडे
महाप्याच्या कुठल्याशा कंपनीतले उरलेले रंग होते,
करडा भरपूर, लाल जेमतेम, पिवळा घट्ट झालेला.
आम्हाला वाटलं, फ्लेमिंगो काढायचे असतील.
खाली शहरात पुलापुलावर फ्लेमिंगो आहेत,
एका पायावर उभे, गुलाबी,
कुणाला काही न विचारणारे.
त्या म्हणाल्या, पक्षी राहू देत.
घरी किती वाजता परत यायचं, असं सांगितलंय तुम्हाला?
तेवढंच काढा.

मग घड्याळं आली.
संघमित्राचं साडेसातचं. मेहजबीनचं सहाचं,
भाऊ गावाहून आला की पाचचं,
म्हणून तिने दोन काढली.
दर्शिकाच्या घड्याळात आकडे नव्हते,
नुसतं लिहिलेलं: बाबांच्या आधी.
माझं आठचं.
रबाळ्याला गोळ्यांच्या पॅकिंगची माझी शिफ्ट
आठलाच सुटते.
हे गणित घरी कुणी करून पाहिलं नव्हतं.

आई हंडा घेऊन बघत उभी होती.
म्हणाली, यायची वेळ काढू की जायची?
मग ब्रश उलथन्यासारखा धरून
तिने चार वाजवले. पहाटेचे.
चारला वाट काळीकुट्ट असते,
पण बाप्ये झोपलेले असतात.
बावीस वर्षं ती अंधाराला घाबरत
अंधाराचीच वाट बघत आली,
आणि मला वाटायचं, पाण्यासाठी उठते.

चौसष्ट घड्याळं झाली.
रिक्षावाले म्हणाले, पोरींनी दुरुस्तीचं दुकान टाकलंय.
एकजण रोज थांबून
आपल्या बहिणीचं शोधायचा. ते नव्हतं.

मग निवडणूक लागली.
वॉर्ड ऑफिसातून साहेब आले, दोन माणसं,
एक शिडी, चुन्याच्या बादल्या.
घड्याळ म्हणजे निशाणी, म्हणाले. आचारसंहिता.
मेहजबीन म्हणाली, साहेब,
आमच्यातल्या निम्म्याजणींना अजून मतच नाही.
तेच बरं, साहेब म्हणाले.

चुना एका दुपारी आला आणि वाळला.
दिव्याच्या खांबाचा अर्ज
त्याच ऑफिसात अकरा महिने पडून आहे,
आवक क्रमांकासकट.

त्या रात्री कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.
साडेनऊ वाजले होते, म्हणजे
आमच्यातल्या एकीचीही वेळ नव्हती.
संघमित्राने मोबाइलचा उजेड धरला.
दर्शिकाने गोल काढायला हात उचलला
आणि थांबली.
गोल काढला की निशाणी होते, म्हणाली.
नुसते काटे काढू.

लाल संपला होता. करड्याने काढले,
एक आखूड, एक लांब,
चुन्याखालून जिथे जिथे
जुना रंग बोटांना लागला तिथे.
कुणाचा तरी बाप हाका मारत आला,
भिंतीकडे बघत बसला,
हाक पुरी न करता.

सकाळी शिडीवाला परत.
मान वाकडी करून विचारलं, हे काय?
काटे, आईने सांगितलं, हंडा खाली न ठेवता.
कसले?
ते आता ज्याला टोचतील त्याने ठरवावं.

सोमवारी अर्ज पुन्हा दिला.
त्रेसष्ट सह्या आणि एक अंगठा, करड्या रंगाचा.
खांब अजून आलेला नाही.
आई अजून चारलाच उठते,
फक्त आता मलाही उठवते,
वाटेत शेजारच्या दोन कड्या वाजवते.
पावलं मोजायचं राहून जातं.
बोलत गेलं की
एकशे अकरा भरत नाहीत.