तांब्याची तार

"गोयीनं मयमयते," म्हटलं,
तं दुर्पतासिस्टरनं टेबलावर मांडलं
निरोधचं पाकीट,
आन् तांब्याची तार गुंडाळलेला
इवलासा इंग्रजी टी.

"दहा वर्सं चालते. मनात आलं का काढता येते.
पह्यले दोन-तीन महिने पाळी जड जाईन,
खोटं नाही सांगत."

हातात घेतला.
बाबा मोटारपंप भरत,
त्या वायंडिंगची तार अशीच लाल.
उरलेला तुकडाबी फेकत नोयते.

सासू म्हणते, तांबं वर चढते, काळजात रुतते.
नवरा बाहेर फटफटीवर;
दुकानात निरोध मांगाले लाजते,
मले इथं आणाले नाही लाजला.

"कधी बसवू?"

वेचणी सरू द्या, म्हणणार होती.
मंग बोटावर पाळीचे दिवस मोजले.
चौथा.

चप्पल काढली.