वार

प्रणिता, आधी हातमोजे.
मग बोलू.

पिवळी, लाल, निळी. आणि ही पांढरी डबी,
हिच्या तोंडात फक्त टोकदार जातं.
सुईला परत टोपण घालू नकोस.
बरणी दिसली की झाकण लावायची
आपल्या हातांना खोडच असते.
मोडायची.

मला लाल पिशवीत लागली.
लाल पिशवीत सुई असायलाच नको होती,
पण टाकणाऱ्याला घाई होती.
घाई त्याची, अंगठा माझा.
वाहत्या नळाखाली साबणानं धुतला,
पिळला नाही, तोंडात घातला नाही,
सिस्टरनं रजिस्टरात नाव लिहिलं,
अठ्ठावीस दिवस गोळ्या.
डॉक्टर म्हणाले, नातवाचा मुका घ्यायला हरकत नाही.
तरी सहा महिने नाही घेतला.
रिपोर्ट चांगले आले. पोरगं तोवर
गाल पुसायला शिकलं होतं.

पिवळीचं मात्र वेगळं सांगते.

गेल्या पौषात, द्वारकेच्या पुलाखाली
रिक्षावाले टायर जाळून शेकत होते, त्या रात्री
सुरगाण्याहून गाडी आली. तीन वाजलेले.
बाई मोकळी झाली. मुलगी. अडीच किलो.
आणि सासू, जिवलीबाई भोये, दारात उभी.
हातात कोरं मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं.
वार दे बाय, म्हणाली.

देता येत नाही, मी म्हटलं.
पुरायची आहे. दाराशी, मोहाखाली. हिच्या बापाची तिथंच आहे.
नियम आहे, आजी.
नियम वार खातो का?

मी काय बोलणार.
उद्या पोरीला कुणी विचारलं,
तुझी नाळ कुठं पुरली, तर ती कोणता गाव सांगेल?
माझी पाथर्डीत, गोठ्यामागं.
आता शहर तिथवर आलंय.
त्या जागेवर कुणाची तरी पांढरी मोटार उभी असते,
मी जाता-येता बघते, काही बोलत नाही.

पूर्वी आपल्या दवाखान्यामागं खड्डा होता.
कुत्री काय उकरून नेत, ते मी पाहिलंय.
कावीळ कुणाची कुणाला गेली, तेही.
हे तिला नाही सांगितलं.
फक्त म्हटलं, रक्तात काय असतं ते डोळ्याला दिसत नाही,
आणि ज्या हातांनी पुराल
त्याच हातांनी बाळाला घ्याल.

ती मडक्यात बघत बसली.

मग मी तिलाही मोजे चढवले.
तिच्या बोटांना लांब झाले, टोकं लोंबत होती.
बांधलेल्या पिशवीवर तिनं बाहेरून हात ठेवला,
कनवटीची पुडी सोडली, चिमूटभर हळद टाकली.
पिवळ्यावर पिवळी. दिसलीच नाही.
हळद कोणत्या बादलीत जाते
ते भिंतीवरच्या तक्त्यात नाही. मी पुसली नाही.

वजन पाचशे वीस ग्रॅम.
लेबलवर तारीख असते, वार नसतो.
मी पेनानं कडेला लिहिलं, बुध.

साडेआठला खंडू तिदमेची गाडी आली.
बारकोडवर यंत्र टुक्‌ वाजलं.
कुठं जातं रे हे सगळं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
भट्टीत, मावशी.
आणि राख?
राख खड्ड्यात. खाली जाड प्लास्टिक, वर माती.
म्हणजे पुरतातच की, मी म्हटलं.
त्याला काही कळलं नाही. त्याला अजून
सातपूरचे चार दवाखाने होते.

धावत वर गेले सांगायला.
जिवलीबाई बाळाचे पाय चोळत होती.
कोणत्या बाजूला, तिनं विचारलं.
मी खिडकीतून हात केला.
खरं तर मला ठाऊक नव्हतं.
तिनं बाळाचं तोंड तिकडं वळवलं.

तिसऱ्या दिवशी गेले. मडकं नेलं,
रिकामं होतं की काय होतं, मी पाहिलं नाही.

अगं, ही पिशवी बघ, किती भरलीस!
पाऊण झाली की थांबायचं.
मानेला पीळ दे, दुमड, आता आवळ.
पोटाशी धरू नकोस. लांब.
मोजे उलटे काढ.
आणि हात धू. हो, मोजे असले तरी.