साडेतीन तारे

सोरीओन, नोर्दाल, बेल्कर.
वहीत तीन रकाने आखून
जानेवारीतल्या चार रात्री मी त्यांत घातल्या.
देगू शहर, इमारत एकशे सहा, तेरावा मजला.
पायाखाली तापवलेली जमीन,
डोक्यावर चौदावा मजला,
आणि तिथं रात्री दीड वाजता धावणारं कुणीतरी.

लिफ्टमध्ये मी चिठ्ठी लावली होती:
चौदाव्या मजल्यावर कृपया चटई अंथरावी.
खाली पेन्सिलीनं उत्तर आलं: अंथरली आहे.

दिवसभर माझ्या कानांवर हेडसेट.
बॉयलर कंपनीची मदतवाहिनी,
थंडीनं काकडलेली, चिडलेली माणसं,
आणि त्या सगळ्यांना माझा एकच प्रश्न, मऊ आवाजात:
लाल दिवा लुकलुकतोय का?
दिवसातून शंभरदा, कधी जास्तच.
म्हणून रात्रीसाठी कानांना दार हवं होतं.
कडीसकट.

सोरीओन. सरासरी चार पूर्णांक तीन.
उल्सानचा एक वेल्डर म्हणतो, बास असा की दाढ हलते.
चष्मेवाल्यांनी वाटेला जाऊ नये, कानामागं वळ उठतो.
एकीनं पाच तारे दिलेत आणि लिहिलंय,
खोकं वेळेवर आलं. अजून उघडलेलं नाही.
त्याच्यासाठी होतं.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
'बॅटरी'खाली लिहिलं. मग खोडलं.

नोर्दाल महाग, आणि महाग घेणारे सहसा चुकत नाहीत;
पैसे मोजलेत ना.
सगळीकडे मखमल, खोली, पारदर्शकता.
फक्त मोक्पोचा एक म्हातारा सरळ बोलतो:
डायलिसिसचे चार तास बॅटरी पुरते. यंत्र ऐकू येत नाही.
एक तारा कापला,
कारण नर्सनं हाक मारली, तीही आली नाही.

शेजारच्या खुर्चीवरची ब्योन ओक-हुई हसली.
अगं, पन्नास जणांना विचारून कुणी चप्पल घेतं का?
पाय तुझा.

चौथ्या रात्री बेल्कर.
स्वस्त, प्लास्टिकचा वास, डावी बाजू किंचित दबकी.
आणि मग एक लांबलचक मजकूर,
नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं:

"खालच्या मजल्यावर एक बाई राहते.
रात्री दीडच्या सुमारास झोपेत बोलते.
लाल दिवा लुकलुकतोय का, असं विचारते.
अगदी नम्रपणे. पुन्हा पुन्हा.
आवाज बाथरूमच्या पाइपातून वर येतो.
मुलगी घाबरून उठते आणि पळत माझ्या खोलीत येते.
आता तिला हे घालून झोपवते.
आवाज थांबत नाही, लांब जातो.
मुलीच्या डोक्याला जरा मोठे होतात.
साडेतीन द्यायचे होते, अर्धा देता येत नाही. तीन."

जवाचा चहा गार झाला.
मी बॉयलरकडे पाहिलं. हिरवा दिवा, स्थिर.

देगूत इमारती काय कमी आहेत?
मदतवाहिन्या काय एकच आहे?
असं मी स्वतःला समजावलं, त्याच नम्र आवाजात,
आणि तो आवाज ऐकून गप्प झाले.

खाली विचारलं होतं:
हा अभिप्राय उपयोगी वाटला का?
नऊ जणांना वाटला होता.
बोट बराच वेळ अधांतरी.
दहावी मी.

मागवलं काहीच नाही.
सकाळी लिफ्टमधली चिठ्ठी काढली;
चिकटपट्टीचा थोडा तुकडा राहिला, नखानं निघेना.

त्या रात्री बाथरूमचं दार लावून,
फटीला टॉवेल कोंबून,
उशीत तोंड खुपसून झोपले.
तरी दीडला जाग आलीच.
कानोसा घेतला.
वर पावलं. मोजली: अकरा.
मग एक दार,
मग एका बाईचा हलका आवाज,
शब्द लागत नव्हते,
पण उत्तर दिल्यासारखा.