वरचं पाणी

बंदरावरच्या पट्टीवर मी रोज समुद्र वाचतो.
सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा.
मीटर, सेंटिमीटर, सही.
एकवीस वर्षं झाली.
समुद्राने एकदाही विचारलं नाही, काय लिहिलंस.

सड्यावर तळं आहे, हे ऐकून होतो.
दूध घालायला खाली येणारा कोंडू बावदाने म्हणायचा,
"आमच्याकडं पन हाय पानी. या कदी तरी बगायला."
वर म्हणजे दोनेकशे मीटर.
हिमालय पाहून आलेले हसतील,
पण माझ्या गुडघ्यांनी ती पाखाडी पायरी पायरी मोजली
आणि धापा टाकत वळून पाहिलं
तेव्हा गाव एका कौलाएवढं झालं होतं.

मग एकदम सपाट.
काळा कातळ, पौषातलं वाळकं गवत,
माझ्यावर ओरडत सुटलेली एक टिटवी,
आणि मधोमध,
बशीत ओतून प्यायचा राहिलेल्या चहासारखं
तांबूस, निवलेलं तळं.
पलीकडे, कातळाच्या कडेखाली, समुद्र.
दोन्ही पाणी एका नजरेत आली.
मी उगाच ओशाळलो,
नोकरी एकाची आणि पाहुणा दुसऱ्याचा.

कागदात बांधून डझनभर बांगडे नेले होते.
सगुणाबाईंनी ते निखाऱ्यावर टाकले,
वासाने गोठ्यातली म्हैस फुरफुरली.
"पाय धुवा," म्हणून एक तांब्या पुढे आला.
मी दुसरा मागितला. मिळाला.
तिसऱ्याने मान, तोंड, कानामागची धूळ.
कुणी काही बोललं नाही.
धाकटी रेश्मा तेवढी
ओट्यावरून ओघळत जाणाऱ्या पाण्याकडे
ते संपेपर्यंत बघत राहिली.

नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बांगड्याचा काटा.
जेवण झाल्यावर कोंडूने बॅटरी घेतली
आणि तळ्याच्या काठाशी रोवलेली
ऐनाची काठी दाखवली. कोयत्याने पाडलेल्या खाचा.
"हितवर आलं, का कापडं धुनं बंद.
हितवर, का म्हशी खाली न्यायच्या, व्हाळावर.
आन हितवर..."
त्याचं बोट तिथंच थांबलं.
बॅटरी त्याने विझवली.

"ताईचं लगीन काठीनंच ठरवलं," रेश्मा म्हणाली.
नवऱ्या मुलाकडच्यांना वैशाख हवा होता.
दीडशे माणसं, त्यांची तहान, त्यांची उष्टी भांडी.
काठी म्हणाली, माघ.
शेवंती आत पातेलं घासत होती, राखेने, कोरडं.
तिला कुणी विचारलं होतं की नाही
हे मी विचारलं नाही.

घोंगडीत शिरलो तर रेश्मा उंबऱ्यावर.
"तुमच्या पट्टीवर शेवटची खाच कुटली?"
शेवटची अशी नसते, म्हटलं.
उतरतं, सहा तासांनी परत चढतं.
"परत चढतं? आपलं आपन?"
हो.
"मंग मोजता कशाला?"
बोटी, धक्का, वरून आलेले आदेश,
असं काहीतरी तोंडाशी आलं
आणि तिथंच राहिलं.
घोंगडीला धुराचा वास होता.
खालून गाज येत होती, माझ्या ओळखीची,
इथून ऐकताना फार मोठ्याने बोलणाऱ्या
श्रीमंत नातेवाइकासारखी.

पहाटे उठलो तेव्हा तिची दुसरी खेप चालू होती.
हंडा कमरेवर. "तुमी शिकलेले, बगा की किती हाय."
उकिडवा बसून वाचलं.
कालच्या ओल्या रेषेखाली एक नख.
ऊन असेल, वारा असेल, म्हशी प्यायल्या असतील.
एवढ्या पसाऱ्यात तीन तांबे म्हणजे काहीच नाही,
हा हिशेब मला येतो.
तरीही तिला सांगताना
मी नख दाखवलं, आकडा सांगितला नाही.

उतरताना सगुणाबाईंनी
बाटलीत ताक भरून दिलं.
ताकालाही पाणी लागतं,
हे मला अर्ध्या पाखाडीवर सुचलं,
बाटली रिकामी झाल्यावर.

संध्याकाळी सहा. एक मीटर चौऱ्याऐंशी. सही.
वहीत शेवटी 'शेरा' असा रकाना आहे,
एकवीस वर्षं कोरा.
त्यात लिहिलं :
वर, एक नख कमी.
साहेबांनी अजून काही विचारलेलं नाही.