पीलबाग

आयुष्यभर लोकांच्या केळीत ठिबक बसवलं,
सावद्यापासून पार विवऱ्यापर्यंत.
अंगावर मांस नाही. गोडाची आवड नाही,
पंगतीत बासुंदीची वाटी शेजारच्याकडे सरकवतो.
तरी साखर दोनशे चौसष्ट.
"पुन्हा मोजा," म्हटलं.
पुन्हा मोजली.

हेमांगी जळगावला हेच शिकते.
ओट्यावर बसून सांगत होती,
पप्पा, इन्सुलिन आहे, पण वेळेवर सुटत नाही.
दहाव्या गुणसूत्रावर एखादं अक्षर वेगळं असतं,
तशी अजून कुठे कुठे असतात, बारीक बारीक,
एकटं कुणीच फारसं बिघडवत नाही.

म्हणजे मोटर चालू, नळी शाबूत,
ड्रिपर तेवढे दमादमानं.
ती हसली. "तसंच.
पण ॲसिड सोडून धुता येत नाहीत."

मग काशीआत्या आठवली,
रात्रीतून तीनदा तांब्या भरणारी.
आम्ही म्हणायचो, उष्णता आहे.
अण्णांच्या अंगठ्याची जखम, दोन पावसाळे उघडी.
आणि निंबाकाका, त्याच घरचा,
नव्वदीत जिलबी खाऊन झोपला तो उठलाच नाही.

खोडापासून पील वेगळं करताना
आपण त्याची उंची बघतो, मुळ्या बघतो.
आत काय काय घेऊन निघालंय,
कोण विचारतं?

एवढं मनात आलं
आणि पोरीकडे बघवेना.
तिनेच डबी उघडली, सुई बदलली,
स्वतःचं बोट पुढे केलं.
"टोचा पप्पा.
नळीला भोकं नेमकी पाडता ना?"