खरंय, पण

मोलोच्या कोर्टात सकाळी नऊपर्यंत
धुकंच बाकावर बसलेलं असतं, आरोपींच्या आधी.
एकोणीस वर्षं मी इथे दुभाषी आहे.
साहेबांचं इंग्रजी स्वाहिलीत ओतायचं,
लोकांची स्वाहिली इंग्रजीत.
सांडायचं नाही, वरून घालायचं नाही,
शपथ तेवढीच.

त्या दिवशी बार्मासाय. बटाट्यांचा ट्रक.
एल्बर्गोनच्या उतारावर सायकलवरचा म्हातारा,
मागे बांधलेला दुधाचा कॅन.
आरोप वाचला गेला:
धोकादायक रीतीने वाहन चालवून मृत्यूस कारण.
मी त्याला सांगितलं. एकदा. मग सावकाश, पुन्हा एकदा.
"खरं आहे का?"

बाहेर व्हरांड्यात हवालदार त्याला समजावत होता,
ते मी ऐकलं होतं:
हो म्हण, मोकळा हो. दंड भर, गाडी सोडव,
नाहीतर बटाट्यांना कोंब येतील
तरी तुझी तारीख यायची नाही.
मेहुण्यानेही मान डोलावली होती.

"नि क्वेली," बार्मासाय म्हणाला. खरंय.
साहेबांचं पेन हललं.
आणि मग, शर्टाच्या बटणाशी बोलावं तसं,
"लाकिनी..."

पण.

ते फक्त मला ऐकू आलं.
कारकून ओडेरो पुढची फाइल शोधत होता.
गिळून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं,
माझ्या घशाला सोडून.
इथला रिवाज असा, की नुसतं 'खरंय' म्हणजे कबूल,
आणि 'खरंय, पण' म्हणजे नाकबूल.
मग सरकारने सगळं पहिल्यापासून सिद्ध करायचं:
ब्रेक तपासणारा, रस्त्याचा नकाशा काढणारा,
प्रेत उघडणारा डॉक्टर, एकेक करून सगळे उभे करायचे.

'खरं आहे, पण,' मी इंग्रजीत म्हणाले.
जरा मोठ्यानेच.

पेन थांबलं. ओळ खोडली गेली.
नाकबूल, अशी नोंद. एक जामीनदार.
पुढची तारीख अकरा आठवड्यांनी.

दुपारी पायऱ्यांवर तो माझ्यावर तडकला.
"तुम्हाला कुणी सांगितलं होतं, बाई?
मी मनाशी बोललो होतो.
आता हेलपाटे, वकील,
आणि ट्रक पोलिसांच्या आवारात."
चूक नव्हतं त्याचं. मी पर्स बंद केली. उघडली. बंद केली.

कुंपणाशी म्हाताऱ्याची मुलगी उभी होती, न्याकिओ.
तिला आधी कॅनचं विचारायचं होतं:
मुद्देमालाची चिठ्ठी लावलीय त्याला,
परत कधी मिळेल?
डेअरीत दूध घालायला घरात दुसरा नाही.
मी म्हटलं, निकालानंतर.
ती मनात आठवडे मोजत असावी.
मग म्हणाली,
"पणच्या पुढे काय म्हणाला तो?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

मी नुसती मान हलवली.
ती तिथेच थांबली, मीही.
आत ओडेरो पुढचं नाव पुकारत होता.